दुखतं म्हणायची मनाई

'आराम' हा शब्द कोणी उच्चारला की माझं डोकं अजून फिरतं. बँकेतला शिपाई सौजन्याने म्हणतो, "आराम से बैठो अम्मा," आणि मला त्याच्यावर खेकसावंसं वाटतं. त्या बिचाऱ्याचा काही दोष नसतो. पण सात महिने रोज सकाळी मी हा शब्द पंचवीस-तीस जणांच्या सुरात सूर मिसळून ओरडले आहे, आणि त्यातला एकही आराम खरा नव्हता.

हैदराबादच्या विद्यानगरात आमच्या घरापासून दोन गल्ल्या सोडून एका शाळेच्या हॉलमध्ये तो वर्ग भरायचा. दारावर पाटी होती, जुनाट दुखण्यांसाठी योगचिकित्सा. खाली मान, पाठ, कंबर, गुडघे असं लिहिलेलं, आणि त्याच्याही खाली लाल रंगात 'औषधांशिवाय'. त्या वर्षांत शहरात जिकडेतिकडे पाट्याच लागत होत्या. दिलसुखनगरला कॉम्प्युटर क्लासांच्या पाट्यांमागे घरं दिसेनाशी झाली होती. माझ्या नवऱ्याच्या सरकारी कारखान्यात लोकांना स्वखुशीने निवृत्ती घ्या म्हणून सांगत होते. ती कसली स्वखुशी, ते त्या घरांना विचारा. आमचा नंबर अजून लागला नव्हता, एवढंच.

आणि मी, प्राणिशास्त्रात बी.एस्सी. होऊन बारा वर्षं घरात बसलेली बाई, अचानक कामाची झाले होते. तारनाक्याला एका इमारतीच्या दुसऱ्या मजल्यावर नवीन कंपनी निघाली. अमेरिकेतले डॉक्टर रोगी तपासून झाला की त्याची सगळी हकिकत तोंडी रेकॉर्ड करत. ती आम्ही इथे हैदराबादला कानाला हेडफोन लावून ऐकायची आणि टाइप करून परत पाठवायची. पायाखाली एक पेडल असायचं, ते दाबलं की आवाज चालू, सोडलं की बंद. हाडांची आणि स्नायूंची नावं मला तोंडपाठ होती म्हणून मला घेतलं. मुलाखतीला बसलेली पोरगी माझ्याहून दहा वर्षांनी लहान होती. तिने खांद्यातल्या हाडांची नावं विचारली आणि मी मनगटापर्यंत सांगत गेले. शेवटी तिनेच हात जोडून थांबवलं.

त्या खुर्चीत मला जे मिळालं ते पगाराहून मोठं होतं. आठ तास मला कोणी हाक मारत नसे. दूध आलंय, बेल वाजतेय, माझा रुमाल कुठे आहे, यातलं काहीही हेडफोनच्या आत शिरत नसे. ज्यांना हे सुख जन्मापासून फुकट मिळतं त्यांना मी काय सांगू? ती नोकरी गेली असती तर मी पुन्हा त्या स्वयंपाकघरात परतले असते आणि मग मरेपर्यंत बाहेर पडले नसते, याची मला पक्की खात्री होती.

दीड वर्षात मान धरली. मग उजवा खांदा, मग दंड, आणि मग एक दिवस अंगठा आणि शेजारचं बोट बधिर पडायला लागलं. मी टाइप करणारी बाई. ज्या बोटांवर पोट, तीच बोटं सांगितलेलं ऐकेनात. आमच्या घरच्या डॉक्टरांनी माझ्याकडे न बघताच "टेन्शन" म्हणून सांगितलं आणि दुखणं थांबवायच्या गोळ्या लिहून दिल्या. नवरा म्हणाला, "खुर्चीत बसून हात कसा काय दुखतो? लेथवर उभी राहिली असतीस तर गोष्ट वेगळी." तो वाईट माणूस नाही. पण त्या वाक्याने माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली होती, आणि ती अजून पुरती खाली उतरलेली नाही.

कारण दिवसभर माझ्या कानात काय चाललेलं असायचं? तिकडच्या कुठल्या तरी गावातला ट्रक चालवणारा माणूस. त्याची मान दुखते. डॉक्टर त्याला विचारतो, कधीपासून, कुठून कुठपर्यंत, टोचतं की जळतं, झोपताना जास्त की उठताना, दहापैकी किती? तो म्हणतो सात. आणि ते सात मी इथे बधिर अंगठ्याने टाइप करायची. त्या माणसाच्या मानेवर अख्खं पान आणि माझ्या मानेला एक शब्द, तोही टेन्शन! एकदा मी पेडल सोडून तशीच बसून राहिले. आपल्याला आजवर कोणी दहापैकी किती असं विचारलेलं नाही, हे मला त्या दिवशी प्रथम कळलं. मला रडू आलं नाही, संताप आला.

योगवर्गाला मात्र घरातून चटकन परवानगी मिळाली. योगाला नाही कोण म्हणणार? त्यात औषध नाही, फी नावाला, सकाळी साडेपाच ते साडेसहा, म्हणजे डब्यांच्या वेळेला बाई घरात हजर. नवऱ्याने स्वतः जाऊन सतरंजी आणली.

वर्ग घेणाऱ्यांना सगळे मास्टरगारू म्हणत. तेलुगू माणूस, साठीच्या पुढचा, अंगात काडीची चरबी नाही, आवाज खणखणीत. एके काळी कुठल्याशा शाळेत कवायत शिकवत असावेत, कारण आम्हाला त्यांनी तसंच शिकवलं. सगळ्यांना एकच आसन, एकाच वेळी, एकाच मापाचं. कोणाची कंबर, कोणाची मान, कोणाचा गुडघा, त्यांना फरक पडत नसे. आणि वर्गाचा एक नियम होता, तो पहिल्याच दिवशी कानावर आला. हॉलमध्ये 'दर्द' हा शब्द काढायचा नाही. मराठीत नाही, तेलुगूत नाही, उर्दूत नाही. "दर्द कू नाम लेके बुलाए तो आके बैठ जाता अम्मा," मास्टरगारू सांगत. प्रत्येक आसनातून बाहेर आलं की ते विचारत, "कैसा है?" आणि आम्ही सगळ्यांनी एका आवाजात म्हणायचं, "आराम!" आवाज बारीक आला तर पुन्हा म्हणायचं.

दुसरी रीत रविवारची. समोर टेबलावर स्टीलचा एक मोठा डबा ठेवलेला असायचा, पाच किलो डाळ मावेल असा. रविवारी एकेकाने पुढे जाऊन आपल्याकडच्या दुखण्याच्या गोळ्या त्यात टाकायच्या. टाकल्या की टाळ्या. मीही तिसऱ्या रविवारी टाकल्या, अख्खं पाकीट. टाळ्या वाजल्या तेव्हा मला खरंच कृतकृत्य वाटलं, खोटं का सांगू? आणि त्याच दुपारी चार वाजता मी मेडिकलच्या दुकानात उभी होते, त्याच गोळ्या घ्यायला. मान वळत नव्हती. सोमवारी कामावर जायचं होतं.

दुकानात माझ्या आधी एक बाई उभ्या होत्या. त्यांनी पदराखाली पाकीट घेतलं, वळल्या, आणि मला पाहून जागच्या जागी गोठल्या. वर्गात त्यांची सतरंजी माझ्या सतरंजीला लागून असे. त्या सकाळी त्यांनीही डब्यात गोळ्या टाकल्या होत्या आणि मी टाळ्या वाजवल्या होत्या.

क्षणभर आम्ही एकमेकींकडे पाहिलं आणि मग दोघींना हसू फुटलं. दुकानदार बघत राहिला. असं हसू, की त्यांना काउंटरला धरून उभं राहावं लागलं. मी त्यांना काकू म्हणत असे. पन्नाशी उलटलेल्या, हैदराबादच्या जुन्या मराठी घरातल्या. सासरे निजामाच्या काळात न्यायखात्यात होते, नवरा वकील. त्यांच्या दोन्ही हातांच्या बोटांची पेरं सुजून वाकडी व्हायला लागली होती, गुडघे तसेच. हसता हसता त्यांनी माझा हात धरला तेव्हा त्या बोटांचा गरमपणा मला जाणवला.

"कोणाला बोलू नकोस गं," त्या म्हणाल्या. "यांच्या भावाची किडनी गोळ्यांनी गेली. तेव्हापासून घरात गोळी आणायची नाही. योग कर, दुसरं काही नाही, म्हणतात. मी वर्गात आराम म्हणते, घरी आराम म्हणते आणि तांदळाच्या डब्यात गोळ्या ठेवते. यांना कळलं तर हा सकाळचा तास पण जाईल. तेवढाच एक तास मी त्या घराच्या बाहेर असते. शपथ आहे तुला माझी."

मी शपथ घेतली. त्यांच्या वाकड्या बोटांवर हात ठेवून घेतली.

पुढचे चार-पाच महिने आम्ही दोघी मजेत खोटं बोललो. इकडे आराम म्हणायचं आणि एकमेकींकडे बघायचं नाही, कारण हसू आलं असतं. वर्गातून परतताना त्या शाळेच्या फाटकाशी पाच मिनिटं थांबायच्या. "माझ्या बोटांकडे बघ, आज नुसतं पेटलंय सगळं," असं मोकळेपणाने म्हणायच्या आणि मग पदर सारखा करून घरी जायच्या. मीही माझा अंगठा दाखवायची. त्या पाच मिनिटांइतकी चिकित्सा मला तोवर कुठे मिळाली नव्हती. त्यांनी मला विचारलं होतं की बधिरपणा कुठून सुरू होतो. माझ्या डॉक्टरांनी नाही, मास्टरगारूंनी नाही, नवऱ्यानेही नाही. काकूंनी विचारलं.

मग मास्टरगारूंनी सर्वांगासन सुरू केलं. पाठीवर निजायचं, पाय आणि धड वर उचलायचं, सगळा भार खांद्यांवर आणि मानेवर. नंतर त्याच स्थितीतून पाय डोक्यामागे. सगळ्यांनी. मी चार दिवस केलं आणि पाचव्या दिवशी माझ्या हातातून चहाचा कप सुटला. मी त्यांना बाजूला गाठून सांगितलं, "मास्टरगारू, हाथ सुन्न होरा. पकड नहीं रही."

ते प्रसन्न हसले. "निकल रा है अम्मा. जाते वक्त थोडा आवाज करता. छोड़ना नक्को. और दो मिनट ज्यादा रुको."

आणि मी दोन मिनिटं जास्त थांबले. याची मला स्वतःलाच क्षमा करता येत नाही. पेशी आणि मज्जातंतू शिकलेली बाई मी! मणक्यातून बाहेर पडणाऱ्या नसांची चित्रं मी कॉलेजात स्वतः काढली होती, त्यांना रंग दिले होते. तिकडे कंपनीत रोज टाइप करत होते की मानेचं दुखणं हातात उतरलं तर मानेवर भार देऊ नये. सगळं माहीत असून मी त्या माणसाला गुरू समजून मान मोडून घेत होते. वडीलधाऱ्या माणसाने सांगितलं की करायचं, आणि कसं वाटतंय विचारलं की छान म्हणायचं, हे आमच्या हाडात किती खोल मुरलंय बघा. त्यासाठी कोणी मारझोड केली नव्हती. लाडाकोडात मुरवलं होतं.

कंपनीत माझ्या चुका वाढल्या. आमचं टाइप केलेलं तपासायला वरची एक मुलगी असे. तिने एके दिवशी मला बोलावून कागद पुढे केला. औषधाच्या मात्रेत मी एक शून्य जास्त टाकलं होतं. बधिर बोट शून्याच्या बटणावर पडलं ते उचललंच गेलं नव्हतं. "मॅडम, ये मैं पकड़ ली, इसलिए ठीक है," ती म्हणाली. ओरडली असती तर बरं झालं असतं. मला महिन्याची मुदत मिळाली. महिन्यात सुधारलं नाही तर दुसरी व्यवस्था बघावी लागेल, असं शांतपणे सांगितलं.

आणि नेमका त्याच महिन्यात वर्गाचा वार्षिक कार्यक्रम आला. घरच्या मंडळींना बोलावणं होतं. मास्टरगारूंनी मला उभं केलं. "ये अम्मा कंपनी में काम करते. इंग्लिश आता. ये बोलेंगे, कैसा आराम हुआ." मी हो म्हणाले. हो म्हणाले! घरी जाऊन भाषण लिहिलंसुद्धा, तीन परिच्छेद, अंगठा आणि बोट यांच्यात पेन टिकत नव्हतं म्हणून मुठीत धरून.

रविवारी सकाळी हॉल भरला. माझा नवरा इस्त्रीचा शर्ट घालून आला होता. पहिल्या रांगेत काकूंचे यजमान, वकीलसाहेब, गोरे, देखणे, हातात काठी. काकू बायकांच्या बाजूला. मास्टरगारूंनी तो स्टीलचा डबा उचलून पांढऱ्या चादरीवर उपडा केला. केवढा ढीग पडला! लाल, पिवळ्या, चंदेरी पाकिटांचा. लोक टाळ्या वाजवतच राहिले. त्या ढिगात माझी पाच पाकिटं होती, काकूंची किती होती कोण जाणे, आणि समोर बसलेल्या कित्येकांच्या घरात त्याच पाकिटांची नवी जोडी होती, हे मला आता पक्कं ठाऊक होतं. मेडिकलवाला रविवारी दुपारी दुकान उघडं का ठेवतो, हे काय मला कळत नव्हतं?

मी बोलायला उभी राहिले. पहिला परिच्छेद वाचला. कागद उलटायला गेले आणि कागद हातातून पडला. उचलायला वाकले तर बोटांना कागद पकडता येईना. सगळे बघत होते. मी तिथे जमिनीवर कागद खरवडत होते, आणि मास्टरगारू वरून म्हणाले, "आराम से, अम्मा, आराम से."

बस्स. त्यानंतर माझ्या तोंडून काय काय बाहेर पडलं ते मला सलग आठवत नाही. मला आराम नाही, हे सांगितलं. माझा हात मरत चाललाय, हे सांगितलं. सगळ्यांना एकच आसन देणं ही चिकित्सा नव्हे, कवायत आहे, असं म्हणाले. दुखतं म्हणायला जिथे मनाई आहे तिथे दुखणं बरं कसं होणार, असं विचारलं. मराठीत, हिंदीत, मिळेल त्या भाषेत. इतकं बरं वाटत होतं मला, काय सांगू! जन्मात पहिल्यांदा माझा आवाज माझ्या रागाएवढा मोठा झाला होता.

मास्टरगारू चिडले नाहीत. त्यांनी लोकांकडे बघून मान हलवली आणि मऊ आवाजात म्हणाले, "अम्मा का विश्वास कम पड़ा. बाकी सबकू आराम है ना?" आणि हॉल गरजला, "आराम!" मागे कोणी तरी हसलंही. माझा नवरा खाली बघत होता.

त्या हसण्याने माझा उरलासुरला तोल गेला. मी म्हणाले, "सगळे खोटं बोलताय. डब्यात टाकतो त्या गोळ्या आम्ही दुपारी परत विकत आणतो. विचारा काकूंना! त्या आणि मी एकाच दुकानातून आणतो. विचारा!"

काकू उठून उभ्या राहिल्या. कोणी उठायला सांगितलं नव्हतं, पण नाव घेतल्यावर शाळेतली मुलगी उठते तशा उठल्या. वाकडी बोटं त्यांनी पदरात गुंडाळून घेतली. माझ्याकडे पाहिलंच नाही. मास्टरगारूंकडे बघून म्हणाल्या, "मला आराम आहे." आणि बसल्या.

टाळ्या वाजल्या. वकीलसाहेब मात्र टाळ्या वाजवत नव्हते. ते मान वळवून बायकोकडे बघत होते. वकिली डोळा तो, त्याला साक्षीदार कळतो.

त्या दिवशी मी हॉलमधून बाहेर पडले ती पुन्हा गेले नाही. नवऱ्याने वाटेत "एवढं बोलायची गरज होती का" असं सुरू केलं. मी रस्त्यातच उभी राहिले आणि म्हणाले, उद्या मला हाडांच्या डॉक्टरकडे न्यायचं, नाहीतर मी एकटी जाते. त्याने नेलं. तिथे फोटो काढले, तपासण्या झाल्या. मानेतल्या दोन मणक्यांमधली गादी सरकून नस दाबली जात होती. डॉक्टरांनी विचारलं, "असल्या मानेवर तुम्हाला उलटं कोणी केलं?" मी म्हणाले, मीच झाले.

त्यांनीच मला इस्पितळातल्या योगचिकित्सेच्या खोलीत पाठवलं. योग हा शब्द ऐकून मी दारातूनच परत फिरणार होते. तिथे एक सावळी, चष्मेवाली तरुण बाई होती. तिने पहिल्या दिवशी मला काहीच करायला लावलं नाही. मानेखाली गुंडाळलेला टॉवेल ठेवून निजवलं आणि वही घेऊन शेजारी बसली. कधीपासून? कुठून कुठपर्यंत? टोचतं की जळतं? आणि मग, दहापैकी किती? मी नऊ म्हणाले. तिने नऊ लिहिलं. वाद घातला नाही. "दुखायला लागण्याच्या आधीच मला सांगायचं," ती म्हणाली, "इथे शूर होणाऱ्याला मी घरी पाठवते." आमचा सगळा अभ्यास खुर्ची, भिंत आणि पट्टा यांच्यावर चालायचा. श्वास सोडताना खांदा केसभर हलवायचा, आणि तेवढ्यानेही नस ओढली तर थांबायचं. योगाला नावं ठेवायला मी हे लिहीत नाही. तोच योग होता. तीच आसनं, त्यांची लहान, नम्र रूपं. फरक विचारण्याचा होता. आणि म्हणूनच मला जास्त राग येतो. एका प्रश्नाचं काम होतं हो, आणि तो प्रश्न विचारण्याऐवजी आमच्या तोंडात त्याचं उत्तर कोंबलेलं होतं.

कंपनीत मी मानेचा फोटो नेऊन टेबलावर ठेवला आणि जे आहे ते सांगितलं. त्यांनी मला काही महिने ऐकून तपासायच्या कामावर बसवलं, तिथे टाइप कमी. नवाचे सात झाले, पाच झाले. सात-आठ महिन्यांनी मी पुन्हा कीबोर्डवर दोन्ही हात ठेवले. अंगठ्यात जीव परत आला होता. त्या दिवशी मी खुर्चीत बसून खूप वेळ एकाच डॉक्टरचा आवाज ऐकत राहिले, काही न लिहिता.

काकूंचं काय झालं, ते मला मधल्या काळातच कळलं होतं. कार्यक्रमानंतर पंधरा दिवसांतच भाजीवाल्यापाशी वर्गातली एक बाई भेटली आणि तिने सांगितलं. वकीलसाहेबांनी घरी जाऊन एकेक डबा उघडला. तांदळात गोळ्या निघाल्या. ते ओरडले नाहीत म्हणे. बसून रडले. भाऊ गेला तसं तुलाही घालवू का, म्हणाले. आणि दुसऱ्या दिवसापासून गोळ्या बंद, वर्गही बंद. खोटं शिकवणाऱ्या जागी जायचं नाही.

हे कळूनही मी गेले नाही. माझं मानेचं चाललंय, माझी नोकरी टांगणीला आहे, असं स्वतःला सांगत राहिले. खरं म्हणजे मला त्यांच्यासमोर उभं राहायची लाज वाटत होती, आणि लाजेला मी रागाचे कपडे घालून फिरत होते. त्यांनी खरं का नाही सांगितलं? उठल्याच होत्या तर म्हणायचं होतं, हो, दुखतं. माझ्या बाजूने एक वाक्य बोलल्या असत्या तर! मनातल्या मनात मी महिनोन्महिने त्यांच्याशी भांडले. शपथ कोणी मोडली, ते मात्र त्या भांडणात यायचं नाही.

हात बरा झाल्यावर काकूंच्या घरी गेले. इस्पितळातल्या त्या बाईंचं नाव, खोलीचा क्रमांक आणि वेळ मी एका कागदावर लिहिली होती, माझ्या हाताने, स्वच्छ अक्षरात. त्यांना सांगणार होते की मी स्वतः रिक्षाने घेऊन जाईन, वकीलसाहेबांशी मी बोलेन, यात गोळ्या नाहीत. पहिला मजला. दुपारची वेळ. बेल वाजवली.

दार उघडायला बराच वेळ लागला. आतून कडी सरकवण्याचा आवाज येत होता, थांबत होता, परत येत होता. दार उघडलं तेव्हा कळलं, का ते. त्यांची बोटं आता आतल्या बाजूला पुरती वळली होती. कडी त्यांनी तळहाताने ढकलली होती.

मी "काकू" एवढंच म्हणाले आणि कागद पुढे केला.

त्यांनी माझ्या तोंडाकडे पाहिलं नाही. माझ्या हाताकडे पाहिलं, कागद धरलेल्या अंगठ्याकडे. बराच वेळ. मग हलकेच म्हणाल्या, "आला का गं? बरं झालं." त्यात काही टोचून नव्हतं. तेच मला सहन झालं नाही.

आतून वकीलसाहेबांचा आवाज आला, "कोण आहे?"

काकूंनी दोन्ही तळहातांच्या मध्ये धरून माझ्याकडून कागद घेतला. डोळ्यांजवळ नेऊन सगळा वाचला.

"कोणी नाही हो," त्या आत वळून म्हणाल्या. "पत्ता विचारायलेत."

आणि माझा कागद तसाच दोन तळहातांत धरून त्यांनी मला परत दिला, कोपराने रस्त्याची दिशा दाखवली, आणि दार लावून घेतलं.